वर्गात अहिराणी बोलणाऱ्या पोरांना सुधारायचं का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही शिरपूर तालुक्यात जि.प. शाळेत तिसरी-चौथीला नव्याने रुजू झाल्यात, स्वतः नाशिक शहरातल्या. पोरं वर्गात अहिराणीत, म्हणजे इकडच्या खानदेशी बोलीत बोलतात, चार-सहा घरं पावरा (सातपुड्यातले आदिवासी, घरात पावरी बोलणारे) आहेत त्यांची पोरं बोलतच नाहीत. पालक म्हणतात मॅडम यांना शुद्ध मराठी शिकवा, वरून तपासणीला येणारे साहेब म्हणतात वर्गात बोलीभाषा ऐकू यायला नको, आणि तुमची मैत्रीण म्हणते की भाषा म्हणजे सत्ता, तू त्यांना सुधारलंस तर त्यांच्यावर अन्याय करतेस. तुमचं म्हणणं असं की भाषा हे बोलायचं साधन आहे, त्यात सत्ता कुठून आली, आणि मग नेमकं करू काय, सुधारू की सोडून देऊ.

मी या भागात बरीच वर्षं मराठी शिकवतोय, आता नवीन शिक्षकांची प्रशिक्षणं पण घेतो, आणि घरात आम्ही अहिराणीच बोलतो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाहीये, मनापासून लिहितो, लांबेल थोडं.

आधी एक. तुम्ही सुधारू की नको असं विचारलंय, पण माझ्या मते खरी अडचण त्याच्या आधीची आहे. तुमच्या वर्गात कोणाचं तोंड उघडतं आणि कोणाचं बंद होतं, हे कशावरून ठरतंय ते बघा. ते एकदा दिसलं की सुधारण्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

आणि हे पण सांगतो की सगळं परिस्थितीवर आहे. पहिलीच्या पोराला लावायचा नियम आठवीच्या पोराला चालत नाही. बोलताना आलेलं 'माले' (म्हणजे 'मला') आणि परीक्षेच्या निबंधात आलेलं 'माले' या दोन वेगळ्या गोष्टी. अहिराणीवाल्या पोराला पुस्तकातली मराठी कानाने निम्मीअर्धी तरी माहिती असते, पावरा पोराला ती जवळजवळ नवीच भाषा असते. त्यामुळे कोणी एकच नियम सांगत असेल तर मला तरी तो पटत नाही.

आता वर्गात काय होतं ते जवळून बघू, मी हे इतक्या वर्गांमधे पाहिलंय की आता डोळे मिटून सांगू शकतो. पोरगं उठतं, म्हणतं "मॅडम, मन्हा पेन हारपी गया." शिक्षक म्हणतात "नीट बोल." पोरगं गोंधळतं, कारण त्याच्या दृष्टीने ते नीटच बोललंय, पूर्ण वाक्य, कर्ता-क्रियापद सगळं जागेवर. मागून एक-दोन हसतात, बहुतेक ज्यांचे वडील नोकरीत आहेत आणि घरात 'हरवला' म्हणतात तीच हसतात. पोरगं "माझा पेन..." एवढं म्हणून थांबतं आणि खाली बसतं. पेनाचं राहूनच गेलं. पुढच्या वेळी ते उठत नाही. महिन्याभरात शिक्षक शेरा लिहितात, 'अबोल आहे, सहभाग कमी'. म्हणजे बघा, आधी आपण त्याला गप्प केलं आणि मग त्याच्या गप्प बसण्याचे मार्क कापले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, शिक्षक पण चांगले होते, पण दोन शब्दांत वर्गाला कळलं की इथे कोणाच्या घरचं बोलणं चालतं आणि कोणाच्या घरचं नाही. सत्ता म्हणतात ती हीच, तिला दंडुका लागतोच असं नाही.

आता 'शुद्ध' कुठून आलं ते बघा. पेशवाई संपून १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. मुंबई इलाख्यात शाळा काढायच्या, पुस्तकं छापायची, तर एक ठरीव मराठी लागणार होती. १८३१ साली मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश आला, त्याच्या कामाला शास्त्रीमंडळी होती, पुढे मेजर कँडी हे दुसरे इंग्रज अधिकारी शालेय पुस्तकांची भाषा तपासायचे. ठरीव मराठीचा पाया झाला तो पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांमधल्या बोलीचा. त्यांची बोली जास्त गोड किंवा जास्त नियमबद्ध होती म्हणून नाही, कचेरी, छापखाना आणि शाळा तिथे त्यांच्या हातात होती म्हणून. पुढे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, १९६२ ला चौदा आणि १९७२ ला अजून चार धरून अठरा. त्यातली एक गोष्ट मी प्रशिक्षणात नेहमी दाखवतो. 'असे केले, मी म्हटले' याच्याऐवजी बोलण्यातलं 'असं केलं, मी म्हटलं' लिहायचं असेल तर अनुस्वार द्या, अशी सोय त्या नियमांमधे आहे. म्हणजे एका भागातल्या लोकांचं बोलणं हे 'बोलण्याची भाषा' म्हणून नियमात बसलं. आमचं 'काम व्हयनं' (काम झालं), 'तो उना' (तो आला) हे पण बोलणंच आहे, पण ते नियमात कुठेच नाही, त्याला गावठी म्हणतात.

आणि नियमबद्ध नाही असं तर अजिबात नाही. 'घरमा', 'शाळामा', 'वावरमा' (घरात, शाळेत, शेतात) असं पोरगं म्हणतं तेव्हा ते सप्तमी बरोबर लावतंय, फक्त प्रत्यय वेगळा आहे. नंदुरबारच्या पुढे थोडं गेलात की गुजरातीत 'घरमां' म्हणतात, तिथे ती राजभाषा आहे, तिच्यात शाळा चालते, कोर्टाची कागदं निघतात, तिथल्या पोराला 'घरमां' म्हटलं म्हणून कोणी खाली बसवत नाही. तोच प्रत्यय, सीमेच्या अलीकडे अडाणी आणि पलीकडे सरकारी. यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

बहिणाबाईंचं पण बघा. आसोद्याच्या, १८८० ते १९५१, लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलाने ओव्या-गाणी उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आल्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, २०१८ पासून. त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणीपेक्षा वेगळी, दोन्ही एक समजू नका, पण 'माले-तुले' दोन्हीकडे आहे, 'ळ' चा 'य' दोन्हीकडे आहे. पुस्तकात त्यांची कविता आली की आपण चाल लावून म्हणतो आणि डोळ्यात पाणी आणतो, आणि त्याच तासाला पोराने 'डोया' म्हटलं की आपण 'डोळा म्हण' म्हणतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बोली कवितेत असली की ठेवा, पोराच्या तोंडात असली की चूक, असं कसं चालेल?

पालकांचा मुद्दा मात्र हलका समजू नका. तुमची मैत्रीण कदाचित म्हणेल की पालकांना न्यूनगंड आहे, त्यांची समजूत काढा. मी असं म्हणणार नाही. बापाने पुण्या-सुरतेला काम केलेलं असतं, बँकेत नाहीतर दवाखान्यात तोंड उघडल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे त्याने पाहिलेलं असतं. तो खरंच बोलतोय. १९६० मधे कॅनडात माँट्रियलला लँबर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. दोन्ही भाषा चांगल्या येणाऱ्या माणसांचे आवाज एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमधे रेकॉर्ड केले, ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही की माणूस तोच आहे, आणि विचारलं हा माणूस कसा वाटतो. इंग्रजीत बोलताना तोच माणूस जास्त हुशार वाटला, दिसायला चांगला वाटला, उंच सुद्धा वाटला! नुसत्या आवाजावरून उंची. आणि यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट अशी की ऐकणाऱ्यांमधे जे स्वतः फ्रेंच बोलणारे होते त्यांनी पण फ्रेंच आवाजाला कमीच लेखलं, उलट काही बाबतीत जास्तच. म्हणजे ज्याला खाली ढकललंय त्याला पण ते खरं वाटायला लागतं. आपला बाप पोराला "अहिराणी नको बोलू" म्हणतो ते यातूनच येतं, पण त्यात पोराच्या भल्याचा हिशोबही आहे, आणि तो हिशोब आजच्या जगात चुकीचा नाहीये.

जनगणनेतही हे दिसतं असं मला वाटतं. तिथे 'खानदेशी' हा वेगळा भाषागट आहे, अहिराणी त्यात येते. २००१ ला तो सुमारे २० लाख ७५ हजार लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितला, २०११ ला सुमारे १८ लाख ६० हजार. धुळे, नंदुरबार, जळगावचा बराच भाग, शिवाय मालेगाव-सटाण्याकडचं धरलं तर घरात बोलणारे याच्यापेक्षा पुष्कळ जास्त असणार. लोक बोलतात अहिराणी आणि गणनावाला दारात आला की मराठी लिहून देतात. कोणी जबरदस्ती केलेली नाही.

मग मी काय करतो ते सांगतो. प्रमाण मराठी मी पूर्ण ताकदीने शिकवतो, त्यात सूट नाही. ती न शिकवणं म्हणजे पोराला तालुक्याच्या बाहेर जायचा रस्ताच बंद करणं, आणि हे बरेचदा असे लोक सुचवतात ज्यांच्या स्वतःच्या पोरांना ती घरातच मिळालीये. पण ती 'बरोबर भाषा' म्हणून शिकवत नाही. मी पोरांना सरळ सांगतो की पुस्तक, परीक्षा, अर्ज आणि नोकरी या ठिकाणी ही चालते कारण तिथे बसलेल्या लोकांनी ती ठरवली, तुम्हाला ती यायलाच पाहिजे, आणि घरची भाषा टाकायची गरज नाही. चौथीचं पोरगं हे समजतं. बापासमोर एक आणि दोस्तांमधे एक असं ते रोज बोलतच असतं.

फळ्यावर दोन रकाने करा. एकीकडे 'माले', दुसरीकडे 'मला'. 'घरमा' आणि 'घरात'. 'तो उना', 'तो आला'. 'काम व्हयनं', 'काम झालं'. जोड्या पोरांनाच सांगू द्या, मग विचारा यात काय बदललं. "मॅडम, ले ना ला व्हयना" (ले चा ला झाला) असं एखादं पोरगं ओरडेलच. त्याला व्याकरण कळलं, तेही पाठ न करता. नाशिकच्या असल्यामुळे तुम्हाला अहिराणी येत नाही ही इथे उलट सोय आहे, तुम्ही विचारा, पोरं शिकवतील, आणि वर्गात एकदा तरी त्यांना माहीत आहे आणि मॅडमना नाही अशी वेळ येईल. माझा अनुभव आहे की त्या दिवसापासून मागच्या बाकावरची पोरं बोलायला लागतात.

वाचनाचं वेगळं आहे आणि इथे नवीन शिक्षक हमखास गडबडतात. पुस्तकात 'डोळा' आहे, पोराने मोठ्याने 'डोया' वाचलं. थांबवायचं का? नाही. त्याने अक्षरं ओळखली, अर्थ लागला आणि स्वतःच्या उच्चारात म्हटलं, म्हणजे वाचन झालं. 'डोळा' चं 'डोंगर' वाचलं असतं तर ती वाचनाची चूक, तिथे थांबवा. या दोन गोष्टी एकाच लाल पेनाने खुणावल्या तर पोराला कळतच नाही की नेमकं चुकलं काय. लिहिताना 'डोया' आलं तर मात्र मी खाली रेघ मारून शेजारी 'पुस्तकात: डोळा' एवढं लिहितो, फुली मारत नाही. आठवी-नववीपासून मार्क कापतो, कारण बोर्डाला कापणार आहेत, आणि हे कारण सांगूनच कापतो.

हसण्यावर मात्र माझा नियम कडक आहे. कोणाच्या उच्चाराला वर्ग हसला तर मी शिकवणं थांबवतो. पेन हरवल्याचं सांगणाऱ्याला आधी पेन, मग भाषा.

आता तुमची ती चार-सहा पावरा घरं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर कोणी बोलत नाही. आपण अहिराणीवाले पुण्यापुढे दबतो हे खरं, पण गावात आपण वरच्या पायरीवर आहोत. पावरा कुटुंब सातपुड्यातून खाली येऊन कोणाच्या तरी शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला मजूर असतं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षाची बोली ठरते, वर्षभर मळ्यात राहतात. मालकाचं दहा वर्षांचं पोरगं त्या सालदाराला, बापाच्या वयाच्या माणसाला, नाव घेऊन "ए इकडे ये" म्हणतं, आणि तो माणूस त्या पोराला 'शेठ' नाहीतर 'भाऊ' म्हणतो. मग ती दोन्ही पोरं तुमच्या वर्गात शेजारी बसतात. त्या पावरा पोराला गप्प बसायला शाळेने शिकवलेलं नाही, ते मळ्यातूनच शिकून आलंय. त्यामुळे त्याच्यासाठी नुसतं "अहिराणी चालेल" म्हणून भागत नाही, त्याला अहिराणी पण परकी आणि वरची आहे. वर्गात पावरीचा तिसरा रकाना करा. शब्द त्या पोरांकडूनच घ्या, पण उभं करून विचारू नका, आधी दोघा-तिघांना एकत्र बसवून बोलू द्या. आईवडिलांपैकी कोणी तासभर येऊन गोष्ट सांगायला तयार असेल तर फार चांगलं. आणि त्या बापाला वर्गात सगळ्यांसमोर तुम्ही 'तुम्ही' म्हणा, 'दादा' म्हणा, बसायला खुर्ची द्या. मालकाचं पोरगं ते बघतं.

आपण स्वतः कोणाला काय म्हणतो हे पण आठवडाभर लक्षात ठेवून बघा. कोणाला 'बेटा', कोणाला नावाने, कोणाला आडनावाने, कोणाला नुसतं 'ए'. मी हे प्रशिक्षणात करायला सांगतो तेव्हा शिक्षक दुसऱ्या दिवशी फार शांत असतात.

राहिला तुमचा 'साधन' वाला मुद्दा. साधन आहेच, पण कोणाच्या हातात आहे त्यावर काम बदलतं, आणि हे शाळेपेक्षा सरकारी कागदात जास्त उघडं दिसतं. संध्याकाळी गावातले लोक माझ्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. एक नमुना सांगतो. वनहक्काचा, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवर हक्काचा दावा केलेल्या माणसाला पत्र येतं, 'आपला दावा अमान्य करण्यात येत आहे.' कोणी केला अमान्य? वाक्यात माणूसच नाही. 'करण्यात येत आहे', 'निदर्शनास आले आहे', 'कळविण्यात येते की', सगळं आपोआप होतंय जणू पाऊस पडतोय. आता यात नुकसान काय ते बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात निर्णय उपविभागीय समितीचा असेल तर साठ दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. पण कोणी निर्णय घेतला हेच वाचणाऱ्याला कळलं नाही तर तो जाणार कोणाकडे? कागद घडी करून खिशात ठेवतो, साठ दिवस निघून जातात. कर्ता गाळलेलं एक वाक्य आणि माणसाची जमीन. याच कायद्याच्या आधी तोच माणूस, तीच जमीन कसताना, फाइलीत 'अतिक्रमणधारक' होता, आणि कायद्याने त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केलं की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झालाय. जमीन बदलली नाही, औत बदललं नाही, फाइलीतला शब्द बदलला तेव्हा तो दाद मागू शकला.

आणि आपण पोरांना पत्रलेखन कसं शिकवतो? 'साहेबांच्या सेवेशी', 'कृपा करून मिळावे ही नम्र विनंती'. दाखला वेळेत मिळणं हा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नागरिकाचा हक्क आहे, पण अर्जाची भाषा अजून भीक मागितल्यासारखी. मी नववीला मुद्दाम असा अर्ज देतो आणि सांगतो, विनयाने लिहा पण कोणता कायदा, किती दिवस, कोणता अधिकारी हे लिहा. आणि बातम्यांमधली 'लाठीमार झाला', 'अत्याचार झाला' अशी वाक्यं देऊन कर्ता शोधायला लावतो. पोरं हौसेने शोधतात. चौथीला पण जमेल, 'फुलदाणी फुटली' पासून सुरू करा.

नुसती नावं बदलून सगळं होतं असं मात्र मी म्हणत नाही. डिसेंबर २०२० मधे राज्य सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, चांगलाच निर्णय आहे, पत्ता सांगताना पोराची मान खाली जायची ती थांबली तर हवंच आहे. पण पाटी बदलली आणि पाण्याची टाकी तिकडे शेवटीच भरत असेल तर नवीन नावालाही हळूहळू जुनाच वास लागतो. म्हणून वर्गात मी शब्द आणि वागणं दोन्ही सोबत धरतो.

तपासणीच्या साहेबांसाठी दोन गोष्टी हाताशी ठेवा. घटनेचं कलम ३५०क, १९५६ ला आलं, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यांनी सोय करावी असं सांगतं. आणि शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मधे शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवा असं म्हटलंय. भांडायला जाऊ नका, फळ्यावरचे रकाने दाखवा, पोरांच्या वह्यांमधलं प्रमाण मराठीतलं लिखाण दाखवा आणि मग कलम सांगा. वहीतली प्रगती दिसली की बहुतेक साहेब मागे लागत नाहीत. पालकांना पण वहीच दाखवा, सभेत भाषण नको, आणि बोलताना एखादं वाक्य अहिराणीत बोला, चुकलं तरी चालेल.

रकान्यांचं लगेच सुरू करता येईल. पावरा पोरांसाठी मात्र मला थोडी माहिती द्या, ती वर्षभर गावात असतात की हंगामाला वर जातात, आणि त्यांच्यातलं कोणी थोडं तरी अहिराणी बोलतं का. ते कळलं की पहिल्या महिन्याचं कसं करायचं ते मी इथेच खाली लिहितो.